खोटा आळ आणि खरी बदनामी: आठव्या आज्ञेतला नेहमीचा घोळ

"मी काय खोटं बोलले का? जे आहे तेच सांगितलं." रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुटली की चर्चच्या आवारात हे वाक्य कानावर पडतंच. तोवर कुणाच्या तरी घरातली भानगड तीन घोळक्यांत फिरून आलेली असते आणि कुणी टोकलंच तर ही ढाल पुढे येते. बायबलच्या दहा आज्ञांपैकी आठवी म्हणते, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. बातमी तर खरी आहे. मग पाप कसलं? धर्मशिक्षणाच्या वर्गात दहाही आज्ञा घडाघडा म्हणणारी माणसं इथेच हमखास घसरतात, आणि आता ऐकून ऐकून वीट आलाय.

आकड्याचा वाद आधी उरकू. कॅथलिक आणि लूथरन हिला आठवी आज्ञा म्हणतात, बाकीचे बहुतेक प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स नववी. मजकूर एकच: बायबलच्या निर्गम (20:16) आणि अनुवाद (5:20) या पुस्तकांतला. मूर्तींबद्दलची आज्ञा पहिलीतच धरायची की वेगळी मोजायची, एवढ्यावरून फरक पडतो. मी आठवी म्हणतो, तुम्ही नववी म्हणा. "साहेब घरी नाहीत म्हणून सांग" छापाचं सोयीचं खोटंही इथे बाजूला ठेवतो. संत ऑगस्टीनच्या मते कुठलंही खोटं पापच. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस त्याच्याशी सहमत, फक्त कुणाचं नुकसान न करणारं खोटं तो हलकं पाप मानतो. त्यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं, पण त्यानं कुणाचं घर मोडत नाही.

खोटा आळ म्हणजे काय, हे कुणाला शिकवायला नको. तरी बायबलमधलं 1 राजे, अध्याय 21 एकदा वाचाच. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, आणि वाडवडिलांची जमीन नाबोथ देत नाही. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यावर राजाचीच मोहर उठवते आणि इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना कळवते: उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा आणि त्याच्यासमोर दोन नीच माणसं बसवा. ते दोघे उठून सांगतात की यानं देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचतात. साक्षीदार नेमके दोन का? तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे एकाच्या शब्दावर कुणाला दोषी धरता येत नव्हतं. म्हणजे ईजबेलनं कायदा मोडला नाही, अगदी काटेकोर वापरला. आज्ञेचा मूळ संदर्भ हा असा वेशीवरच्या न्यायसभेचा आहे. म्हणूनच अनुवाद 19 म्हणतं की खोट्या साक्षीदाराने आरोपीवर जी शिक्षा ओढवायचा बेत केला, तीच त्याला द्या.

आता खरी बदनामी. दोष खरा आहे, पण झाकलेला आहे. ज्यांना ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याचं काही कारणही नव्हतं, त्यांना तुम्ही तो सांगितलात. कॅथलिक चर्चचा 1992चा धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद 2477 मध्ये तीन गोष्टी वेगळ्या करतो: पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात कुणाला दोषी ठरवणं, सबळ कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष अनभिज्ञ माणसांपुढे मांडणं, आणि सत्याला सोडून बोलून कुणाची अब्रू घालवणं. तिन्ही आठव्या आज्ञेखाली येतात. मधल्या प्रकारात खोट्याचा कणही नाही, तरी अपराध आहे.

"हे कॅथलिकांचं खूळ, आम्ही फक्त बायबल मानतो," असं म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंट मित्रांनीही सुटका समजू नये. 1640च्या दशकातली वेस्टमिन्स्टरची मोठी प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं सवाल-जवाबाचं धर्मशिक्षणाचं पुस्तक, या आज्ञेच्या भंगांच्या लांबलचक यादीत, अवेळी किंवा दुष्ट हेतूनं खरं बोलणं हेही धरते. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर आपल्या 1529च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत बजावतो की शेजाऱ्याचं पाप तुला कळलं म्हणून त्याचा न्याय करण्याचा अधिकार तुला मिळाला असं नाही; पाप मुळातच जगजाहीर असेल तर मात्र उघड बोलायला हरकत नाही. इतर बाबतींत एकमेकांशी कडाक्याचं भांडणारे हे सगळे इथे एका सुरात बोलतात.

कारण आज्ञा जपते ती शेजाऱ्याला. त्याची अब्रू ही त्याची मिळकत आहे, आणि ती खोट्यानं लुटा की खऱ्यानं, तो नागवला तो नागवलाच. आपल्या फौजदारी कायद्यालाही हे अनोळखी नाही. अब्रुनुकसानीच्या कलमातला (पूर्वी दंड संहितेचं 499, आता न्याय संहितेचं 356) पहिलाच अपवाद दोन अटी घालतो: आरोप खरा हवा आणि तो करण्यात लोकहितही हवं. नुसतं "खरं आहे" तिथेही पुरत नाही.

म्हणून कसोटी लावायची ती ऐकणाऱ्याकडे बघून. एकच गोष्ट घ्या. एक तरुण दारूच्या पुरता आहारी गेलाय, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मैत्रिणीच्या मुलीचं त्याच्याशी ठरतंय. मैत्रिणीला घरी जाऊन सांगितलंत तर बदनामी नाही, उलट गप्प बसलात तर चुकलात. तीच गोष्ट धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या भाविकांच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलीत तर ती बदनामी. तोच माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन दहा वर्षं नीट संसार करतोय आणि तुम्ही शेजारच्या नव्या भाडेकरूला त्याचा इतिहास ऐकवलात, तर तीही बदनामीच. सत्य तिन्ही वेळा तेवढंच खरं होतं.

माझ्या सर्वाधिक डोक्यात जातो तो प्रार्थनेचा बुरखा. "अमक्यासाठी प्रार्थना करा हं, बायको माहेरी निघून गेलीय, पोरीही घेऊन गेली, म्हणे दुसरं काही प्रकरण आहे." देवाला एवढा तपशील लागत नाही. "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा" एवढ्यानं भागतं. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर 2020 मध्ये, ऐन साथीत, कुचाळक्यांना कोविडपेक्षा वाईट साथ म्हटलं होतं. पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटली; मला नाही वाटली.

कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करायला, गेल्यावर तर या दोन पापांतला फरक फारच अंगावर येतो, कारण दोन्हींत भरपाई करावी लागते. आळ घेतला असेल तर वाट अवघड पण सरळ आहे: ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे जाऊन कबूल करायचं की मी खोटं बोललो. खरा दोष फोडला असेल तर काय सांगणार? "ते खोटं होतं" म्हणालात की आणखी एक खोटं झालं. अक्वायनसनं हा पेच ओळखला होता. त्याचं उत्तर असं की खोटं न बोलता जेवढी अब्रू परत देता येईल तेवढी द्यायची, उदाहरणार्थ मी वाईट बोललो, त्याची अन्यायानं बदनामी केली, असं कबूल करायचं. शब्द माघारी घेता येत नाहीत, आपलं वागणं चुकलं एवढंच म्हणता येतं. खरं सांगितलं म्हणून आपलं पाप हलकं, असं समजणाऱ्यांनी ही भरपाई एकदा करून बघावी.

उलट्या बाजूचा घोळ मात्र याहून घातक आहे. चर्चच्या हिशेबात गफलत दिसली, कुणा मोठ्या माणसानं लहान मुलावर लैंगिक अत्याचार केला, आणि बोलणाऱ्यालाच ऐकवलं जातं, "बदनामी करू नको, आठवी आज्ञा आठव." ही आज्ञेची सरळसरळ चोरी आहे. परिच्छेद 2477 मधले "सबळ कारण नसताना" हे शब्द उगाच घातलेले नाहीत. लेवीय 5:1 तर म्हणतं की साक्ष द्यायला बोलावलेलं असताना, पाहिलेलं किंवा ठाऊक असलेलं जो सांगत नाही, तो दोषी. मत्तय 18 मधलं "आधी त्याला एकांतात गाठून सांग" हे वचनही इथे पुढे केलं जातं. तिथला दुसरा टप्पा साक्षीदार नेण्याचा आणि तिसरा मंडळीला सांगण्याचा आहे, हे सोयीस्करपणे गाळलं जातं; शिवाय अत्याचार सोसलेल्या लेकरानं तो करणाऱ्याला एकांतात गाठावं, असं कुठलाही शहाणा माणूस सुचवणार नाही. कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियमही स्पष्ट आहे: मे 2019च्या पोपच्या आदेशानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूनं आणि व्रतस्थानं (संन्यस्त बंधू-भगिनींनी) ती वरिष्ठांना कळवायलाच हवी, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प बसण्याचं बंधन घालता येत नाही. भारतात तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, ज्याला असा गुन्हा कळला त्यानं पोलिसांना सांगणं सक्तीचं आहे. अशा वेळी आठव्या आज्ञेचं नाव घेऊन कुणी तुम्हाला गप्प करायला बघत असेल, तर त्याच्या परवानगीसाठी थांबू नका. थेट पोलीस ठाण्यात जा.