फूल कधी येणार? रोप घरी नेण्याआधी एवढं वाचाच

नर्सरीत आम्हाला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, आणि आमचं म्हणणं असं की त्या झाडाचं फूल नेमकं असतं कुठे ते एकदा कळलं की निम्मी काळजी तिथेच मिटते.

बोगनवेल घ्या. तो राणी कलर दिसतो ना, ती फुलं नाहीतच, रंगीत पानं आहेत. तीन-तीनचा झुपका असतो, त्यातलं एक पान हळूच ओढून बघा, मधल्या शिरेला बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या टोकाला पांढरट चांदणी, ते खरं फूल. रोज पाणी घातलं तर नुसता पाला माजतो, म्हणून माती सुकू द्या, कडक ऊन द्या आणि बहर सरला की शेंडे छाटा, कारण रंग नव्या फुटीवर येतो.

अंजिराचं फूल शोधूच नका. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात तेच इथे, दोघं एकाच कुळातले. कोवळं फळ मधोमध कापा, आत शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली दिसतील. उंबराला आतल्या चिलटांशिवाय बी धरत नाही, आपल्या पुरंदरच्या अंजिराला मात्र त्यांची गरज नाही, त्यामुळे एकच झाड लावलं तरी फळ येतं.

आणि ब्रह्मकमळ, आमचं सगळ्यात लाडकं! हा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. पानं वाटतात ती चपटी खोडं आहेत, म्हणून तर कळी कडेच्या खाचेतून फुटते. कळी आधी खाली लोंबते, मग देठ वळून तोंड वर येतं आणि फुगते, ती फुगलेली दिसली की त्या रात्री लवकर झोपू नका, शेजाऱ्यांनाही बोलवा, कारण आठ-नऊला उघडायला लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं. पांढरा रंग अन् तो घमघमाट रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो. याला सकाळचं कोवळं ऊन पुरतं, माती भुसभुशीत हवी, आणि कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नका, गळतात. कटिंगपासून फुलायला दोन-तीन वर्षं जातात, तेवढा धीर धराच. कुणी मागितलं तर वीतभर तुकडा खुशाल द्या, चार दिवस सावलीत सुकवून कापलेली बाजू मातीत खोचायला सांगा.