आधी अंतरपाट, मग ‘सावधान’: कन्व्हर्ट केलेल्या डीव्हीडीत आवाज का घसरतो

लग्नाची जुनी डीव्हीडी कन्व्हर्ट करून ठेवलेली असते. अंतरपाट बाजूला होतो, नवरा-नवरी एकमेकांना हार घालतात, आणि त्यानंतर भटजींचं ‘सावधान’ ऐकू येतं. तीच डिस्क प्लेअरमध्ये घातली की सगळं जागच्या जागी. अशा वेळी डिस्कवर संशय घेण्यात अर्थ नसतो. कन्व्हर्ट करताना तिच्यातलं घड्याळ हरवलेलं असतं.

डीव्हीडीचं मानक 1995 मध्ये ठरलं आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये प्लेअर विक्रीला आले. डिस्कवरच्या व्हीओबी फायलींमध्ये एमपेग-2 चित्र आणि बहुतेकदा एसी-3 आवाज लहान लहान पाकिटांत आलटून पालटून भरलेले असतात. त्यांच्यासोबत वेळेचे शिक्के असतात, सेकंदाचे 90,000 भाग करून मोजलेले. प्लेअर आवाजाला चित्राच्या मागे पळवत नाही. दोघांनाही एकाच घड्याळाकडे बघायला लावतो. त्याची गरजही आहे, कारण पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्राची एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची आणि एसी-3 आवाजाचा एक तुकडा 32 मिलिसेकंदांचा. कुठेही कापलं तरी दोघांची टोकं क्वचितच जुळतात. पहिला आवाज आणि पहिलं चित्र एकाच क्षणी सुरू होईल, असाही नेम नसतो.

गुंत्याचा मोठा भाग मात्र डीव्हीडीहून 40 वर्षांनी जुना आहे. अमेरिकेत 1953 मध्ये रंगीत टीव्हीचं मानक आलं. कृष्णधवल संच घरोघरी होते, ते निकामी करून चालणार नव्हतं. त्यांच्यात आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून 4.5 मेगाहर्ट्झवर असे. आता रंगाची लहर मध्ये घुसवली, तर ती आणि आवाज एकमेकांत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटणार. आवाज हलवावा, तर जुन्या संचांचं काय होईल याची धास्ती. मग चित्रालाच हजारात एक इतकं हळू केलं. सेकंदाला 30 फ्रेम होत्या, त्या 29.97 झाल्या. आज चित्रामागे आवाज धावतो म्हणून आपण कुरकुरतो. त्या वेळी आवाजासाठी चित्राने माघार घेतली होती.

हजारात एक म्हणजे तासाला 3.6 सेकंद. फ्रेमना 30 च्या हिशोबाने क्रमांक दिले, तर तासाच्या अखेरीस भिंतीवरच्या घड्याळाशी मेळ बसत नाही. त्यावर तोडगा म्हणून टीव्हीवाले टाइमकोडमधले, म्हणजे फ्रेमच्या या क्रमांकांतले, तासाला 108 क्रमांक गाळतात. फ्रेम एकही जात नाही, फक्त आकडे जातात. आपल्या पंचांगात क्षयतिथी असते, पण दिवस काही गळत नाही, तसंच.

भारताने पाल घेतलं, सेकंदाला 25 फ्रेम. रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आलं. सिनेमा 24 फ्रेमचा, त्यामुळे पालसाठी तो चक्क पळवायचा: 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि गायकाचा सूर किंचित चढतो. (कान तयार असलेल्यांना हे खुपतं, बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही.) अमेरिकी पद्धतीत 24 चे 23.976 करून फ्रेम आलटून पालटून दोनदा-तीनदा दाखवतात. आपल्याकडच्या कित्येक चित्रपटांच्या डीव्हीडी या अमेरिकी पद्धतीच्या होत्या, घरच्या कॅमेऱ्याच्या मात्र पाल. म्हणजे एकाच कपाटात दोन घड्याळं. कन्व्हर्टरने 23.976 चं चित्र 25 ने पळवलं आणि आवाजाला हात लावला नाही, तर तासाला जवळजवळ अडीच मिनिटांची दरी पडते.

हे सगळं एका फायलीत कोंबायची घाई 1999-2000 च्या सुमारास सुरू झाली. डीव्हीडीचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम 1999 मध्ये बाहेर पडला, डिव्हएक्स या चित्र दाबून लहान करणाऱ्या पद्धतीने चित्रपट 700 एमबीच्या सीडीत बसवला, आणि चित्र-आवाज एकत्र ठेवायला फायलीचा डबा वापरला तो एव्हीआय. मायक्रोसॉफ्टचा हा डबा 1992 चा. त्यात वेळेचे शिक्के नसतातच. प्रत्येक फ्रेमचा काळ सारखा धरायचा, आणि आवाज किती पुढे गेला हे बाइट मोजून ठरवायचं. ठरावीक बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला सारखेच बाइट घेणाऱ्या आवाजाला हे पुरतं. पण व्हेरिएबल, म्हणजे बदलत्या बिटरेटचा एमपी3 भरला की हिशोब बिघडतो. पूर्वी लग्नघटिका मोजायला पाण्यात घटिकापात्र सोडत. त्याचं छिद्र मध्येच लहान-मोठं झालं तर मुहूर्ताचं जे होईल, ते इथे आवाजाचं होतं. व्हर्च्युअलडब हा प्रोग्रॅम अशा फायली उघडताना तसा इशाराच देत असे. आपण तो न वाचता ओके दाबायचो.

डीव्हीडीटूएव्हीआय नावाचं अवजार त्याहून सज्जन होतं. चित्र आणि आवाज वेगळे काढताना दोघांतलं मूळ अंतर ते आवाजाच्या फायलीच्या नावातच लिहून ठेवी: ‘डिले -66 मिलिसेकंद’. लोक नाव मोठं वाटतं म्हणून बदलत आणि दुरुस्तीचा आकडाच पुसून टाकत.

2002 च्या अखेरीस आलेला एमकेव्ही आणि त्याच सुमारास रुळलेला एमपी4 या नव्या डब्यांत प्रत्येक तुकड्याची वेळ पुन्हा नोंदली जाऊ लागली, आणि तिथून दुखणं पुष्कळ कमी झालं. उरलेल्या घोटाळ्याला कारण बहुतेकदा ओरखडा असतो, नाहीतर व्हीओबी फायली नुसत्या एकापुढे एक चिकटवलेल्या असतात. डिस्कवर मध्येच घड्याळ शून्यावर येऊ शकतं. ते कुठे, हे सोबतच्या आयएफओ फायलीवरून, म्हणजे डिस्कच्या नकाशावरून, कळतं. म्हणून सुटी व्हीओबी उघडण्यापेक्षा अख्खं फोल्डर कन्व्हर्टरला द्यावं.

आणि घसरण किती झाली की जाणवते? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर कळतो, उशिराचे मात्र 125 पर्यंत लक्षात येत नाहीत, असं दिलं आहे. नदीपलीकडे धोबी कपडा आपटताना दिसतो आणि आवाज मागून येतो, याची आपल्याला जन्मापासून सवय असते. उलटं कधीच घडत नाही.

घसरलेली फाइल हातात असेल, तर आधी दोन जागी मोजायचं. सिनेमावाले त्यासाठी क्लॅप देतात. लग्नात क्लॅप नसतो, पण सुरुवातीला कुठेतरी नारळ फुटतो आणि शेवटाकडे फटाका किंवा ताशाची काडी सापडतेच. दोन्हीकडे फरक सारखा असेल, तर एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये तेवढा डिले द्यायचा, पुन्हा कन्व्हर्ट करायला नको. फरक वाढत गेलेला असेल तर तो मधल्या काळाने भागायचा. उत्तर हजारात एकच्या आसपास आलं तर 1953 चा हिशोब, शंभरात चारच्या आसपास आलं तर पालचा. त्याच प्रमाणात आवाज ताणायचा किंवा आवळायचा. आणि फरक एकाच ठिकाणी झटक्यात पडला असेल, तर डिस्क पुसून तेवढा भाग पुन्हा वाचायचा.