शिट्टी हाती येण्याआधी

फुटबॉलचा पंच व्हायचं तर आज नियमांचा लेखी पेपर द्यावा लागतो, धावण्याची चाचणी पार करावी लागते आणि मैदानावर सामना खेळवून दाखवावा लागतो. खेळाच्या जन्मावेळी यातलं काहीच नव्हतं. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिच्या नियमांत पंचच नव्हता. वाद झालाच तर तो दोन्ही कर्णधारांनी आपसात मिटवायचा.

चुरस वाढली तसं हे जमेना. मग प्रत्येक संघ आपापला अंपायर आणू लागला. दोघांचं एकमत झालं नाही की मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागायची. ज्याच्याकडे प्रकरण 'रेफर' करायचं, तो रेफरी. कुणी विचारल्याशिवाय त्यानं बोलायचं नाही. १८९१ मध्ये तो मैदानात उतरला, अंपायर लाइन्समन, म्हणजे कडेच्या रेषेवरचे सहायक, झाले आणि त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. माझ्या मते पंचांच्या प्रशिक्षणाचं मूळ इथंच आहे. बाहेरून निवाडा द्यायला नियमांची जाण पुरत होती. आत आल्यावर दम लागू लागला, आणि कुठं उभं राहायचं हेही शिकावं लागलं.

ते शिकवलं स्टॅनले राउस यांनी. १९३४ च्या एफए (फुटबॉल असोसिएशन) कप अंतिम सामन्याचे हे पंच पेशानं शिक्षक. पंचानं मैदानाच्या कर्णावर धावायचं आणि उरलेल्या दोन बाजू लाइन्समननी सांभाळायच्या, ही पद्धत त्यांनी रुजवली. नवशिका पंच आजही ती पहिल्याच दिवसांत गिरवतो. १९३८ मध्ये नियमांची फेरमांडणीही राउस यांनीच केली. पेपरला येणारे सतरा नियम हे त्याच मांडणीतले.

पिवळं आणि लाल कार्डही एका शिक्षकाच्याच डोक्यातून आलं. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंचानं कुणाला ताकीद दिली, हे खेळाडूंनाच कळलं नव्हतं. तो शिक्षक म्हणजे इंग्लिश पंच केन ॲस्टन. त्यांना त्यावर उपाय सुचला तो लंडनच्या सिग्नलपाशी, दिव्यांचे रंग पाहून. १९७० च्या विश्वचषकात कार्डं आली आणि पंच-खेळाडूंच्या वेगवेगळ्या भाषांची अडचण सुटली.

धावण्याची चाचणीही बदलत गेली. पूर्वी बारा मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजत. पण सामन्यात पंच एका लयीत पळत नाही. तो झेपावतो, थांबतो, पुन्हा सुटतो. म्हणून आता आधी ४० मीटरच्या सहा वेगवान धावा, मग ७५ मीटर धाव आणि २५ मीटर चाल, ही जोडी चाळीस वेळा.

याच वाटेनं भारताचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून उभे राहिले, आणि गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात.