माती मोजायची कुठे? खड्ड्यात, डंपरमध्ये की भरावात

गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरूम-दगड-मातीच्या गाडीला जीपीएस, खाणीची ईटीएस (कोन आणि अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) मोजणी, महामार्गाच्या कामावर दर महिन्याला ड्रोन, आणि पोकलेनचं इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद पडलं याची नोंद मालकाच्या मोबाइलवर. गेल्या काही वर्षांत ही साधनं महाराष्ट्रातल्या मातीकामावर एकापाठोपाठ एक येत गेली. बातम्यांमध्ये ती सगळी ‘पारदर्शकता’ या एकाच नावाखाली येतात. त्यांचा उगम मात्र वेगवेगळा आहे, ती बसवणाऱ्यांचे हेतू वेगळे आहेत, आणि ती मोजतात ती गोष्टही एक नाही. विनापरवाना उत्खननाच्या नोटिसांवरून जे वाद आज तहसील कार्यालयापासून उच्च न्यायालयापर्यंत चालतात, त्यांचं मूळ यंत्रांच्याही आधीचं आहे.

जुना काळ थोडक्यात. इंग्रज अमदानीतल्या रेल्वे-कालव्यांपासून ते १९७२ च्या दुष्काळातल्या कामांपर्यंत आणि पुढे रोजगार हमीवरही मातीकामाची मजुरी खणलेल्या घनफळावर ठरायची. चौकडी आखायची, खणताना मध्ये न खणलेला मातीचा एक खांब तसाच ठेवायचा. खांबाचा माथा म्हणजे मूळ जमीन, पायथा म्हणजे तळ. लांबी, रुंदी आणि त्या खांबाची उंची घेऊन माप एम.बी.त, म्हणजे मोजमाप वहीत चढायचं, लीड आणि लिफ्ट (माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली याचा जादा दर) लागायची, आणि मगच खांब पाडायचा. गैरव्यवहार त्यातही होते. पण मापाचा पुरावा जागेवर उभा असायचा आणि निरक्षर मजुरालाही तो डोळ्यांनी दिसायचा. पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवावं लागेल: माप खड्ड्यात, न हललेल्या जमिनीवर घेतलं जात होतं.

यंत्रं आली तशी ही पद्धत मोडली. एवढ्या मोठ्या खोदाईत खांब ठेवणार कुठे? सरकारी कामावर लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं) घेऊन काटछेद, म्हणजे जमिनीचे आडवे छेद काढणं चालू राहिलं, पण रोजचा व्यवहार खड्ड्यातून उठून गाडीवर गेला. पोकलेन तासावर, डंपर फेरीवर. मुकादम वहीत काड्या मारायचा, ड्रायव्हरला चिठ्ठी द्यायचा, संध्याकाळी चिठ्ठ्या आणि काड्या जुळवल्या जायच्या. आजची बहुतेक डिजिटल साधनं या वहीची जागा घेण्यासाठी आली आहेत. वहीने जे मोजलं नाही ते त्यातली बरीचशी आजही मोजत नाहीत.

साधनांचा पहिला धागा जपानचा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चोरलेल्या एक्स्कॅव्हेटरने एटीएम उखडून नेण्याचे प्रकार होऊ लागले. तिथल्या एका यंत्रनिर्मात्या कंपनीने चोरीला गेलेलं यंत्र सापडावं म्हणून त्यात जागा कळवणारी यंत्रणा बसवली आणि २००१ पासून ती मूळ यंत्राबरोबरच द्यायला सुरुवात केली. यंत्र कुठे आहे हे कळू लागल्यावर ते किती तास चाललं, किती वेळ नुसतं धडधडत उभं राहिलं, डिझेल किती खाल्लं, हेही कळू लागलं. आपल्याकडे तासावर पोकलेन देणाऱ्या मालकांनी ही सोय मनापासून स्वीकारली ती डिझेलसाठी. माती किती निघाली हे त्यातून कळत नाही.

दुसरा धागा मोजणीचा. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून तत्काळ दुरुस्ती घेणाऱ्या आरटीके पद्धतीने सेंटिमीटरपर्यंतची अचूकता त्याआधीही मिळत होती, पण उपग्रहांवरची मोजणी खऱ्या अर्थाने सर्वत्र पसरली ती त्यानंतर. आता जमीन मोजणीला येणाऱ्या रोव्हरमुळे (काठीवरच्या उपग्रह-ग्राहकामुळे) ती खेड्यातही ओळखीची झाली आहे. डोझर आणि ग्रेडरच्या पात्याला हीच अचूकता जोडून चालकाला पडद्यावर किती कापायचं, किती भरायचं हे दाखवणारी यंत्रं आली. टोटल स्टेशन, म्हणजे महसुली भाषेत ईटीएस, आणि ड्रोनचे फोटो जोडून केलेला जमिनीचा त्रिमितीय नकाशा याच वाटेवरचे.

हे दोन धागे जपानमध्येच २०१५ च्या सुमारास एकत्र आले, आणि तिथला अनुभव मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. पात्याला दिशा देणारी यंत्रं कामावर आणूनही काम म्हणावं तितकं लवकर संपेना. पोकलेन झपाट्याने खणायचं आणि मग डंपरची वाट पाहत उभं राहायचं, कारण डंपर रस्त्यात अडकलेले. आधी मूळ जमिनीची मोजणीच ढोबळ, त्यामुळे किती माती न्यायची याचा अंदाजही चुकलेला. म्हणून सुरुवातीच्या ड्रोन मोजणीपासून डंपरच्या फेऱ्यांपर्यंत सगळं एकाच हिशेबात आणण्याचा प्रयत्न झाला. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने याला धोरणाचं रूप दिलं, आणि मोजणीपासून तपासणीपर्यंतची १५ नवी मानकं लागू केली. ड्रोनवरून काढलेलं घनफळ देयकासाठी कसं आणि किती अचूकतेला ग्राह्य धरायचं हे साधन पसरण्याबरोबरच ठरलं. आपल्याकडे नेमका हाच क्रम चुकला.

भारतात दारं उघडली ती २०२१ मध्ये. फेब्रुवारीत नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची पूर्वपरवानगीची बंधनं उठली, ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे सुटसुटीत नियम आले. मधल्या जूनमध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या कामांवर दर महिन्याला ड्रोनने चित्रण करणं सक्तीचं झालं. ते व्हिडिओ चित्रण आहे. काम पुढे सरकलं का हे त्यात दिसतं. घनफळ हवं असेल तर जमिनीवर खुणा रोवून वेगळी मोजणी करावी लागते. ‘ड्रोन सर्व्हे झाला’ या एका वाक्यात या दोन गोष्टींची सरमिसळ रोज होते.

महाराष्ट्रात मुख्य जोर बांधकामापेक्षा महसुलाकडून आला. आधी एसएमएसवर चालणारी वाळूच्या पावत्यांची पद्धत, मग ‘महाखनिज’ प्रणाली आणि ऑनलाइन वाहतूक परवाना, आणि २०२२ पासून गौण खनिजाच्या वाहनांना जीपीएस. जुलै २०२१ मध्ये स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला, म्हणजे माती-वाळू मोजण्याच्या एककाला, ४०० रुपयांवरून ६०० झालं होतं. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. दर वाढला, दंड मोठा, वाहतूक पडद्यावर दिसू लागली, आणि खाणींची ईटीएस मोजणी सुरू झाली. इथून पुढे खरा गुंता.

एक साधा खड्डा घेऊ. २० मीटर लांब, १५ रुंद, ३ खोल. घनफळ ९०० घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तेव्हा खड्ड्यात मोजले तर ३१८ ब्रास. तीच माती बकेटने उचलून डंपरमध्ये टाकली की सुटी होते, फुगते. मुरमाड माती साधारण २५ टक्के फुगते असं धरलं तर ११२५ घनमीटर, म्हणजे ३९८ ब्रास. पाच ब्रासच्या डंपरला ८० फेऱ्या. आता हीच माती भरावात पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबली की मूळ जमिनीपेक्षाही घट्ट बसते. १० टक्के आकसली तर उरतात ८१० घनमीटर, २८६ ब्रास.

एकाच खड्ड्याचे तीन आकडे, २८६, ३१८ आणि ३९८. यातला एकही खोटा नाही. खडक असेल तर अंतर याहून मोठं, कारण सुरुंगाने फुटलेला दगड दीडपटीच्याही वर फुगू शकतो.

आता बघा, कोण कुठे मोजतं. ईटीएस आणि ड्रोन खड्डा मोजतात. वाहतूक परवाना डंपरमधल्या ब्रासवर निघतो. रस्त्याच्या ठेकेदाराला देयक मिळतं ते बहुतेक वेळा दाबलेल्या भरावाचं. खाणवाल्याने प्रामाणिकपणे प्रत्येक डंपरचा परवाना घेतला तर त्याने ३९८ ब्रासचं स्वामित्वधन भरलेलं असतं, म्हणजे ६०० च्या दराने २,३८,८०० रुपये. खड्ड्याच्या मापाने ते १,९०,८०० होतं. उलट एखाद्याने ३१८ ब्रासचेच परवाने काढले, तर खड्डा आणि परवाने कागदावर तंतोतंत जुळतात आणि १६ डंपर परवान्याविना निघून गेलेले असतात. ईटीएसला ते दिसणार नाहीत, कारण तिने खड्डा बरोबरच मोजला. जीपीएसला दिसतील, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून मधला गुणक कोणता हे आधी ठरलेलं असेल तरच. सरकारी बांधकामाच्या नियमांमध्ये सुट्या ढिगाऱ्याचं माप घेताना पोकळीची वजावट पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुन्या ओव्हरसिअरला ती तोंडपाठ असायची. महसुलाच्या हिशेबात मात्र ब्रास म्हणजे ब्रास. वजनकाट्यावर भागवावं म्हटलं तर पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन जड होते.

त्याहून मोठी अडचण ओजीएलची, म्हणजे खोदाईआधीच्या मूळ जमिनीच्या पातळीची. खड्ड्याचं घनफळ हे दोन पृष्ठभागांमधलं अंतर असतं. आजचा पृष्ठभाग ड्रोनने अतिशय बारकाईने मिळतो. कालचा आणायचा कुठून? वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या खाणीत पहिली लेव्हल कुणी घेतलेलीच नसते. मग कडेच्या न खणलेल्या जमिनीवरून वरचा पृष्ठभाग कल्पून धरला जातो. टेकडीच्या उतारावर ही कल्पना मीटरभराने चुकली तरी एकरामागे ४००० घनमीटरचा फरक पडतो, आणि दंड पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. आधीच्या पट्टेदाराने काढलेलं किती, वरचा टाकाऊ थर किती, जुन्या पावत्यांवर गेलेलं किती, हे सगळे वाद यातूनच जन्मतात. माझं मत स्पष्ट आहे. पहिली बकेट पडण्याआधी दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी ओजीएल घेतलेली नसेल, तर नंतरच्या सेंटिमीटरच्या अचूकतेवर दंड आकारणं अन्यायाचं आहे. आणि जिथे ओजीएल आहे तिथे पळवाट ठेवण्याचं कारण नाही. गायरानं आणि टेकड्या पोखरून गावांचं झालेलं नुकसान खरं आहे.

या गुंत्यात न्यायालयाचा एक निर्णय येऊन मिळाला, ज्याची चर्चा मातीकामाच्या संदर्भात फारच कमी होते. भराव किंवा सपाटीकरणासाठी बांध, रस्ते, रेल्वे, इमारतींच्या कामात वापरलेली साधी माती गौण खनिज धरायची, अशी अधिसूचना केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये काढली होती. तिच्या आधारे पुण्यातल्या बिल्डरांना पायासाठी आणि तळघरासाठी खणलेल्या मातीवर स्वामित्वधन आणि दंडाच्या नोटिसा गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल लागला: माती गौण खनिज ठरते ती तिच्या वापरावरून, नुसतं खणलं म्हणून नव्हे. पाठोपाठ मे २०१५ मध्ये राज्याच्या नियमात दुरुस्ती झाली. भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर वापरली तर स्वामित्वधन नाही.

निकाल रास्त होता. स्वतःच्या जोत्यात स्वतःचीच माती भरणाऱ्याकडून सरकारने पैसे का घ्यावेत? पण त्याने सिद्ध करायची गोष्टच बदलली. आता प्रश्न आला, किती माती खणली त्यापैकी किती भूखंडावरच राहिली? आणि राज्याने नंतर उभी केलेली यंत्रणा रस्त्यावरच्या गाडीवर नजर ठेवते. जी माती फाटकाबाहेर गेलीच नाही तिचा परवाना नाही, जीपीएस नाही, नोंद नाही. मोठ्या प्रकल्पांना याचं उत्तर देता येतं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून शेजारची दलदल भरली गेली. अशा कामात कट-फिलचा, म्हणजे किती कापायचं आणि किती भरायचं याचा हिशेब काम सुरू होण्याआधीच आराखड्यात असतो. दोन एकरांवर तळघर खणणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या बिल्डरकडे तो नसतो. त्याला नोटीस आली की उत्तरादाखल तो फोटो जोडतो.

समृद्धी महामार्गाने याच प्रश्नाला ७०१ किलोमीटरची लांबी दिली. दहा जिल्हे, १६ पॅकेजेस, आणि भरावाला लागणारा मुरूम आसपासच्या गावांतून. प्रकल्पाला स्वामित्वधनात सवलत मिळाली, तरी कुठून किती काढलं यावरून काही जिल्ह्यांत कोटींच्या दंडाच्या नोटिसा निघाल्या. खड्ड्याचा आकडा तहसीलदाराकडे, भरावाचा आकडा प्रकल्पाच्या अभियंत्याकडे, आणि डंपरचा आकडा पोटठेकेदाराच्या वहीत. त्याच सुमारास बुलढाण्यात तलाव आणि नाल्यांमधून निघालेली माती महामार्गाच्या भरावाला देण्याचा प्रयोग झाला, तो पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजला. इथे खड्ड्याच्या मापाला आणखी एक अर्थ आला. काढलेला प्रत्येक घनमीटर म्हणजे १,००० लिटर साठा. गावाला खड्ड्याचा आकडा हवा, कारण त्यावर तलावाचे टीसीएम (हजार घनमीटर साठा) ठरतात; ठेकेदाराला भरावाचा, कारण त्यावर त्याचं बिल. दोघांनी एकमेकांना सांगितलेले आकडे जुळले नाहीत तर कुणी फसवलंच असं मानायचं कारण नाही.

भरावाच्या बाजूला आता नवी साधनं येत आहेत. लखनौ–कानपूर द्रुतगती मार्गावर जीपीएसवर चालणारा ग्रेडर आणि प्रत्येक फेरीला मातीचा घट्टपणा नोंदवणारा रोलर वापरले गेले, आणि अशी यंत्रं इतर महामार्गांवर आणण्याचं केंद्राचं धोरण आहे. म्हणजे दाबलेल्या थराची नोंद यापुढे थरागणिक, जागेसकट मिळेल. खड्ड्याची नोंद महसुलाकडे ईटीएस-ड्रोनने होतेच आहे, आणि डंपरची फेरी जीपीएसवर. तिन्ही टोकांना यंत्रं बसली आहेत. तिन्ही नोंदी तीन दप्तरांत आहेत, आणि मुरमाला, काळ्या मातीला, कच्च्या दगडाला कोणता फुगवटा धरायचा, त्याची चाचणी कुणी आणि कधी घ्यायची, हे सांगणारा तिन्ही दप्तरांना बंधनकारक असा एकच नियम अजून व्हायचा आहे.