शेवटचं गाणं फाटतंय, म्हणजे सुई गेली का?

तबकडीची एक बाजू लावली की पहिली दोन-तीन गाणी स्वच्छ वाजतात. सुई शेवटच्या गाण्यावर पोहोचते आणि गायिकेच्या प्रत्येक 'स'ला, 'श'ला कागद टरकावल्यासारखा आवाज येऊ लागतो. रेकॉर्ड ऐकणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. पहिला संशय सुईवर जातो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण तेवढ्यावरून नवी सुई मागवण्याची घाई करू नये. आवाज कुठे फाटतो, कोणत्या स्पीकरमध्ये फाटतो, कोणत्या तबकडीवर फाटतो हे नीट ऐकलं, तर दोषाचा पत्ता बराचसा तिथेच लागतो.

नेमकं शेवटचंच गाणं का? एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीला तेवढेच आणि शेवटीही तेवढेच. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. त्यामुळे कडेजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच (आवाज कोरलेली बारीक चरी) सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे १०,००० हर्ट्‌झच्या कंपनाची एक लाट कडेला ५१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जागा घेते, पण आत तीच २१ मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. 'स'चा उच्चार अशाच उंच कंपनांनी भरलेला असतो. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या असते १८ मायक्रॉनच्या आसपास! आतली वळणं तिच्या टोकाइतकीच, कधी त्याहूनही बारीक. नव्याकोऱ्या गोल सुईचीसुद्धा तिथे दमछाक होते. लंबगोल किंवा त्याहून अरुंद धारेची सुई त्या वळणांत जास्त सहज शिरते.

टोक हिऱ्याचं, तबकडी प्लॅस्टिकची, मग सुई झिजतेच कशी, असं कोणालाही वाटेल. सुईवर वजन असतं फक्त दीड-दोन ग्रॅम. पण ते सगळं पडतं दोन अतिसूक्ष्म ठिपक्यांवर, आणि तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. त्यात खाचेतली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. शिवाय अंतर बघा. वीस मिनिटांची एक बाजू म्हणजे चारशे मीटरहून जास्त घसट. साध्या सुईचं आयुष्य ढोबळमानाने ५०० तास धरतात. तेवढ्या वेळात तिची सहाशेहून जास्त किलोमीटरची वाटचाल झालेली असते. अरुंद धारेच्या चांगल्या सुया १,००० तासांच्या आसपास जातात.

या घसटीत टोकाची झीज होते ती दोन बाजूंना, जिथे ते खाचेच्या भिंतींना टेकतं तिथे. तो भाग सपाट होत जातो आणि त्याच्या कडांना धार येते. अशी सुई बारीक वळणं घेत नाही, ती वळणं खरवडत सरळ पुढे रेटते. मी माझी एक जुनी सुई दोनशेपट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. समोरून उजेड पाडला तेव्हा काहीच कळेना. दिवा हळूहळू बाजूला नेला, आणि एका विशिष्ट कोनात टोकाच्या दोन्ही अंगांना दोन चिमुकल्या काचा लकाकल्या. नव्या सुईवर त्याच जागी फक्त टिंबाएवढी चमक दिसली. दहापट भिंगातून हे दिसत नाही. टोक तुटलंय का, ते धरणारी बारीक दांडी वाकलीय का, एवढंच त्यातून कळतं. भिंगातून सुई छान दिसली म्हणून ती छान आहे असं समजू नये.

सूक्ष्मदर्शक हाताशी नसेल तर कानावर भिस्त ठेवायची. आधी सुई साफ करा, मऊ ब्रशने, मागून पुढे. टोकाला अडकलेला धुळीचा गुंतवळा सुईला खाचेतून उचलून धरतो आणि आवाज अगदी झिजलेल्या सुईसारखाच फाटतो. मग फारशी न वाजलेली, स्वच्छ तबकडी लावा. ती नीट वाजली, तर दोष बहुधा आधीच्या तबकडीत आहे.

सगळ्याच तबकड्या पहिल्या गाण्यापासून सारख्याच फाटत असतील, तर जोडणी तपासा. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि उंच स्वर वाढवतात. फोनो प्रीअँप वाजवताना याच्या उलट करून मूळ तोल परत आणतो आणि क्षीण संदेश मोठाही करतो. काही टर्नटेबलमध्ये तो आतच बसवलेला असतो. असं टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला जोडलं की तोच संदेश दोनदा मोठा होतो आणि सगळंच फाटतं. तिथे नवी सुई काही करू शकणार नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती खूण म्हणजे एकाच स्पीकरमधला दोष. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच पेटंटसाठी मांडलेल्या कल्पनेनुसार स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंती दोन वेगळे आवाज वाहतात. आतली भिंत डावा, बाहेरची उजवा. टोनआर्मच्या, म्हणजे सुई तोलून धरणाऱ्या हाताच्या, रचनेमुळे घर्षण सुईला सतत आत ओढत असतं, आणि ती ओढ सावरायला अँटीस्केटिंग, म्हणजे उलट बाहेर ओढणारी सोय, असते. ती कमी पडली की बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते आणि उजवा स्पीकर आधी फाटतो. तबकडी फिरत असताना, तुमच्या बोटाखाली, अँटीस्केटिंगची एक छोटी चकती फिरवल्याबरोबर हा दोष निघून जातो तेव्हा फार समाधान वाटतं.

वजनाचंही तसंच. तबकडी जपायची म्हणून अनेक जण सुईवरचं वजन कमी ठेवतात, आणि नुकसान नेमकं त्यानेच होतं. हलकी सुई भिंती सोडून उसळते आणि परत त्यांच्यावर आदळते. कार्ट्रिजसाठी (सुई जिच्यात बसते त्या डबीसाठी) सांगितलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाजवळ वजन लावून बघा. आवाज सुधारला, तर सुई खाच धरत नव्हती एवढंच. अर्थात सुईच्या दांडीला धरणारं रबर वयाने कडक झालं असेल, तर जेमतेम वाजलेली जुनी सुईही असाच त्रास देते. प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन दाखवणाऱ्या आखीव पट्टीवर, कार्ट्रिजचा कोनही जुळवून घ्या. हे सगळं करूनही दोन्ही स्पीकरमध्ये, आतल्या गाण्यांवर, चांगल्या तबकडीचासुद्धा 'स' चिरफाळत असेल आणि सुईचे तास भरलेले असतील, तर सुई बदलाच.

झीज इतकी हळू होते की कान तिच्याबरोबर सरावत जातो. म्हणून मी आता नवी सुई बसवली की एका ठरलेल्या तबकडीचं शेवटचं गाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवतो आणि काही महिन्यांनी तेच पुन्हा रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐकतो. ही सवय मला उशिरा लागली. त्या लकाकणाऱ्या टोकाच्या सुईवर माझी सगळ्यात लाडकी तबकडी कितीतरी वेळा वाजली होती. नव्या, अरुंद धारेच्या सुईचा स्पर्श भिंतीवर थोडा वेगळ्या उंचीला होतो, त्यामुळे न खरवडलेला काही भाग तिला सापडला आणि गाणं बरंच उघडलं. शेवटच्या कडव्यातला 'स' मात्र अजून फाटतोच.