निळ्या-काळ्या डबीतलं लिनक्स

जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही खुली लिनक्स प्रणाली चढवायची, यूएसबीला हार्ड डिस्क जोडायची आणि त्याचाच घरचा छोटा सर्व्हर करायचा, हे आता एका दुपारचं काम झालं आहे. पण त्या नावातला 'डब्ल्यूआरटी' आला कुठून, हे नव्याने या नादाला लागलेल्या अनेकांना ठाऊक नसतं. ते एका राउटरच्या मॉडेलचं नाव आहे: लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी.

डिसेंबर २००२ मध्ये तो बाजारात आला. पुढून निळा, मागून काळा, पाठीला दोन अँटेना. पहिल्या आवृत्तीत ब्रॉडकॉमची १२५ मेगाहर्ट्झची चिप, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश, म्हणजे कायमची साठवण, होती. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही आज ४ एमबीत मावेलच असं नाही. तेवढ्या जागेत एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालत होती, आणि ती लिनक्स होती.

जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, विकासकांसमोर हा विषय मांडला. या राउटरच्या फर्मवेअरमध्ये (आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिनक्स आणि जीपीएल या खुल्या परवान्याखालचे इतर प्रोग्राम आहेत, पण त्यांचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखित रूप, कुठेच दिलेला नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. जीपीएलची अट सरळ आहे. प्रोग्राम घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला तो द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे. इथे ती अट पुरवठ्याच्या साखळीत हरवली होती. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर जुळवण्याचं काम तैवानच्या सायबरटॅन कंपनीचं आणि डबीवरचं नाव लिंक्सिसचं. त्यात सिस्को या नेटवर्किंग कंपनीने मार्च २००३ मध्येच सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घेण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे ज्या कोडबद्दल तक्रार होती, तो सिस्कोच्या कुणी लिहिलेलाही नव्हता, आणि उत्तर मात्र सिस्कोला द्यायचं होतं. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी बराचसा कोड खुला झाला.

माझ्या मते घरगुती राउटरच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. तोवर राउटर ही बंद डबी होती. कंपनीने जेवढं दिलं तेवढंच ती करायची. कोड हाती आल्यावर लोकांना कळलं की आपण एक छोटा लिनक्स संगणकच विकत घेतला आहे.

आत शिरायला वाटही सापडली होती. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये पिंग करून, म्हणजे दुसरं यंत्र जाळ्यावर उत्तर देतं का ते, पाहण्याचं एक पान होतं. तिथे पत्त्याच्या जागी एखादी लिनक्सची आज्ञा लिहिली की राउटर ती बिनबोभाट चालवायचा. हे पान वापरून लोक 'बूट_वेट' नावाची सेटिंग चालू करून ठेवत. मग राउटर सुरू होताना काही सेकंद थांबायचा आणि तेवढ्या वेळात टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने नवं फर्मवेअर आत ढकलता यायचं. फसलं तर राउटरची वीट, म्हणजे तो निकामी. 'ब्रिक झाला' हा शब्द आपल्याकडेही जसाच्या तसा रुळला आहे. मग डबी उघडायची, बोर्डावरच्या सीरियल किंवा जेटॅग या थेट चिपशी बोलायच्या जोडण्यांना तारा डकवायच्या आणि पुन्हा प्रयत्न करायचा. काहींनी तर बोर्डाच्या मोकळ्या पिनांना एसडी कार्ड जोडून साठवणही वाढवली.

जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाला. पहिली पायरी लिंक्सिसने खुला केलेलाच कोड होती, पण लवकरच दिशा बदलली. एकच ठोकळेबाज फर्मवेअर देण्याऐवजी हवी ती पॅकेजेस बसवता येतील अशी लहानशी लिनक्स प्रणाली उभी राहिली. मूळ प्रणाली घट्ट दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या स्क्वॉशएफएस या फाइल प्रणालीमध्ये, आणि आपण केलेले बदल तिच्यावरच्या जेएफएफएस२ या लिहिता येणाऱ्या थरात. काही बिघडलं तर वरचा थर पुसायचा, खालचं सगळं शाबूत. त्या ४ एमबीच्या अडचणीतून निघालेली ही मांडणी आजही बहुतेक उपकरणांवर तशीच आहे. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नव्हत्या त्यांच्यासाठी सेबास्टियन गॉटशाल यांचं डीडी-डब्ल्यूआरटी आलं.

एक गाठ मात्र सुटली नव्हती. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, ब्रॉडकॉमने बंदच ठेवला होता आणि तो जुन्या २.४ कर्नलशी बांधलेला होता. म्हणून सारं जग २.६ वर गेलं तरी या राउटरांना मागेच राहावं लागलं. शेवटी स्वयंसेवकांच्या एका गटाने चिप कशी वागते याचं फक्त वर्णन लिहिलं, आणि मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला.

दरम्यान २००५ मध्ये राउटरची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात लिनक्सच नव्हतं. त्याऐवजी घेतलेल्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीमला कमी मेमरी पुरते, म्हणून रॅम ८ आणि फ्लॅश २ एमबीवर आणली होती. ग्राहक दुकानात खोकं उलटं करून अनुक्रमांकाची पहिली चार अक्षरं वाचू लागले, कारण आवृत्ती त्यावरून कळायची. मागणी ओळखून कंपनीने जुनंच हार्डवेअर 'डब्ल्यूआरटी५४जीएल' नावाने पुन्हा आणलं. शेवटचं 'एल' लिनक्सचं. दहा वर्षांनंतरही तो विकला जात होता.

भारतात याचा सर्वांत सुंदर उपयोग झाला तो धरमशाळेत. जानेवारी २००५ च्या अखेरीस २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय घराबाहेर वापरण्यासाठी असलेली सरकारी परवान्याची अट रद्द झाली, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तिथल्या डोंगरउतारावरचे ८ परिसर बिनतारी जाळ्याने जोडले गेले होते. पुढे त्या जाळ्यात याच राउटरांचे बदललेले अवतार छपरांवर बसले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये 'फ्रायफुंक' या मुक्त वायफाय चळवळीचे लोक याच डब्यांतून शेजाऱ्याशेजाऱ्यांचं जाळं विणत होते.

जीपीएल परवान्याचा प्रश्न मात्र एका फटक्यात मिटला नाही. लिंक्सिसच्या इतर उत्पादनांबाबत तक्रारी येतच राहिल्या, म्हणून डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली: परवान्यांचं पालन पाहण्यासाठी लिंक्सिसमध्ये स्वतंत्र अधिकारी आणि फाउंडेशनला देणगी. 

या खटपटीचा फायदा फक्त हौशी लोकांना झाला, असं समजू नये. घरात कुणी मोठी फाइल चढवू लागलं की व्हिडिओ कॉल अडखळायचा, कारण राउटरच्या बफरमध्ये डेटाची लांबच लांब रांग लागायची. डेव्ह टॅट, जिम गेटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचे उपाय ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या 'सेरोडब्ल्यूआरटी'वर, साध्या घरगुती राउटरांमध्येच, तावूनसुलाखून पाहिले. त्यातला एफक्यू_कोडेल हा रांग आवरण्याचा उपाय २०१२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये गेला आणि आज असंख्य लिनक्स यंत्रांवर मुकाट्याने काम करतो. टॅट एप्रिल २०२५ मध्ये गेले. ज्यांचे कॉल आज अडखळत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसेल, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचा स्वतःचा राउटर आला, 'ओपनडब्ल्यूआरटी वन'. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आणि हार्डवेअर बनवणारे बनाना पाय यांनी मिळून तो केला. रॅम १ जीबी, म्हणजे त्या पहिल्या डबीच्या ६४ पट. फ्लॅश दोन वेगवेगळ्या; मुख्य बिघडली तर एक बटण सरकवून दुसरीवरून सुरू करता येतं. आणि ज्या सीरियल कन्सोलसाठी लोकांनी डब्या उघडून तारा डकवल्या, त्याला आता पुढच्याच बाजूला यूएसबी-सीचं भोक दिलेलं आहे.