कात्रजचा नळ

कात्रजच्या तलावाचे पाणी पुणे शहरात आणणारी पेशवेकालीन भूमिगत नहर. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास ती बांधण्यात आली.

शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. पुणे कारभाराचे ठाणे झाले, पेठा वसू लागल्या आणि मुठा नदी व विहिरी यांच्या भरवशावर उन्हाळा काढणे कठीण झाले. तेव्हा शहराच्या दक्षिणेस, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, आंबिल ओढ्यावर बांध घालून एकाखाली एक असे दोन तलाव करण्यात आले. गाळ वरच्या तलावात बसे, निवळलेले पाणी खालच्या तलावात येई आणि तेथून नळात शिरे. या योजनेतली खरी हुशारी येथेच आहे : पाणी शहरात पोचल्यावर गाळण्याऐवजी ते निघण्यापूर्वीच बरेचसे निवळून घेतलेले असे.

पुढचे काम उताराचे. उपसा करणारे कोणतेही यंत्र नसताना केवळ जमिनीच्या चढउताराचा अंदाज घेऊन दगड व चुन्यात बांधलेला हा नळ सुमारे आठ किलोमीटर वाहत शनिवारवाड्यापर्यंत आला. माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल इतका तो ऐसपैस होता. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोऱ्यासारखे ‘उच्छ्वास’ बांधले होते. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, आणि गाळ काढायला उतरण्याची वाटही तीच. सातारा रस्त्याच्या परिसरात उरलेले उच्छ्वास पाहणाऱ्याला ते एखाद्या जुन्या देवळाचा अवशेष वाटतात.

शहरात हे पाणी घरोघर जात नसे. ते हौदांत सोडले जाई. वाड्यांतले खासगी हौद व कारंजी याच पाण्यावर चालत, आणि सार्वजनिक हौदांवर पेठेतली माणसे घागरी भरत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्यात रुळली. फडके हौद तर आज चौकाचे नाव म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्ह्याकडून दुसरा नळ आणून सदाशिव पेठेतल्या हौदाला पाणी दिले. सरदार रास्त्यांनीही कोंढव्याच्या बाजूने आपल्या पेठेपुरती सोय केली.

‘सार्वजनिक’ या शब्दाला मात्र जातीची मर्यादा होती. गावचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले नव्हते. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तो या पार्श्वभूमीवर. नळांच्या कौतुकात ही बाजू सहसा राहून जाते.

इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात, मुठेवर खडकवासल्याचे धरण बांधले गेले. तेथून कालव्याने आणि पुढे शुद्ध करून लोखंडी नळांनी पाणी येऊ लागल्यावर हौदांची गरज सरली. विसाव्या शतकात इमारतींचे पाये आणि रस्त्यांची खोदाई यांनी जुना नळ जागोजागी तुटला, त्यात सांडपाणीही मिसळले. कात्रजच्या तलावांचा उपयोग आता मुख्यतः उद्यानांपुरता उरला आहे. आंबिल ओढा मात्र शहराला अजून भोवतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने दक्षिण पुण्यातल्या वस्त्यांत मोठी जीवितहानी केली. ओढ्याचे पात्र बांधकामांनी आवळलेले होते.